गोळी हातात देताना एक वाक्य बोला : महाराष्ट्रातल्या केमिस्ट मंडळींना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेली नाही. पण गेली कित्येक वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी काउंटरसमोर उभी असते. आईच्या हृदयाच्या गोळ्या, सासऱ्यांचे डोळ्यांचे थेंब, कधी माझी ॲसिडिटी. गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, तुम्ही स्ट्रिप काढता, कात्रीने कापता, बिल करता, पुढचा. कुणाचीच तक्रार नसते. माझीही नव्हती, आमच्या घरात त्या गणपतीत जे झालं ते होईपर्यंत.

आईची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सकाळी चहानंतर एक मेटोप्रोलॉल, म्हणजे 'बीटा ब्लॉकर' गटातली, हृदयाचे ठोके सावकाश करणारी गोळी, हा तिचा नेम. त्या वर्षी गावी निघताना तिने घरात उरलेला स्ट्रिपचा तुकडा पर्समध्ये टाकला. आमचं गाव कुडाळच्या पुढे. गोळ्या मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. शेवटची गोळी हरतालिकेच्या आदल्या दिवशी संपली. हरतालिकेला तिचा निर्जळी उपवास, त्यामुळे "आज तशीही घेतली नसतीच" म्हणाली. चतुर्थीला गणपती आणायची गडबड, दुकानं बंद. ऋषिपंचमीला माझा चुलतभाऊ तिला बाजारात घेऊन गेला.

आईने पर्समधून रिकामा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. दोन रिकामी घरं, मागे रुपेरी कागद, त्यावर कापल्या गेलेल्या अक्षरांचे शेपटे. नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलं होतं, तो तुकडा कधीच कुणाच्या तरी पिशवीतून गेला होता. तारीखही नाही, किती मिलिग्रॅम तेही नाही. आईला सांगता आलं ते एवढंच: पांढरी, मधे रेघ असलेली, बीपीची. तो दुकानदार तरुण मुलगा होता. म्हणाला, "काकू, अशा पन्नास गोळ्या असतात. नाव कळल्याशिवाय मी देणार नाही." त्याने अंदाजाने काहीतरी हातावर ठेवलं नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. चिठ्ठी डोंबिवलीत कपाटात होती. घरी आल्यावर एका भाच्याने मशीनवर बीपी मोजलं, १३८/८४ आलं. आई म्हणाली, "बघा, नॉर्मल असा. चार दिस गोळी नाय घेतलंय म्हणान काय होवचा नाय." आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे ती चुलीपाशी घावन घालत होती. तव्यावरचं घावन करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर घाम, हात छातीवर दाबलेला, आणि मनगटाला बोट लावलं तर नाडी मोजता येईना इतकी पळत होती. तालुक्याला नेईपर्यंतचा तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढता काढता पहिला प्रश्न विचारला: "कुठली गोळी बंद केली होती का?"

आई वाचली. हार्ट ॲटॅक होता होता राहिला. गोळी पुन्हा सुरू झाली, पाच दिवसांनी ती घरी आली. पण त्या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केलं. ही गोळी एकदम बंद करायची नसते, ही गोष्ट सहा वर्षांत, सत्तरेक महिन्यांत, सत्तरेक वेळा गोळ्या विकत घेताना आमच्या कानावर एकदाही पडली नव्हती. शहरातल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं असेलही, तेव्हा अँजिओप्लास्टीच्या धक्क्यात आम्हाला आमची नावंसुद्धा धड आठवत नव्हती. त्यानंतर मात्र दर महिन्याला सांगू शकेल असा एकच माणूस आमच्या आयुष्यात होता, तो म्हणजे तुम्ही.

त्या डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून समजावलं, आणि नंतर मी मिळेल ते वाचत गेले. माणूस घाबरला, धावला, चिडला की रक्तात ॲड्रेनालिन वाढतं. हृदयात त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, बीटा रिसेप्टर. ॲड्रेनालिन तिथे बसलं की हृदय जोरात आणि भरभर चालतं. आईच्या गोळीसारखा बीटा ब्लॉकर आधीच जाऊन त्या जागा अडवतो. ठोके सावकाश पडतात, हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो, चढ चढताना छातीत दुखायचं थांबतं. पण कानात बोळे घालून बसलेला माणूस जसा कान टवकारून ऐकू लागतो, तसं शरीरही महिनोन्महिने अडवणूक झाल्यावर आणखी रिसेप्टर तयार करतं. बोळे एकदम काढले की साधं बोलणंही किंचाळल्यासारखं वाटतं. गोळी एकदम थांबली की नेहमीचंच ॲड्रेनालिन हृदयाला चाबकासारखं बसतं. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याच्या छातीत कळ येते, ठोके बेताल होतात, ॲटॅक येऊ शकतो. बीपीच्या मशीनवर आकडा बरा दिसला म्हणून हे टळत नाही. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, डोस उतरवत नेतात. अमेरिकेत ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरांच्या माहितीपत्रकात हा इशारा स्पष्ट छापलेला असतो. आपल्याकडे तो आमच्यापर्यंत पोचत नाही, कारण आमच्या हाती येतो तो कापलेला तुकडा.

हे वाचून कुणी गोळीलाच घाबरू नये, म्हणून हेही लिहायला हवं. ही फार मोलाची औषधं आहेत. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं, १९६०च्या दशकात ते बाजारात आलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. १९८१ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी याच गटातलं टिमोलॉल देऊन दाखवून दिलं की ॲटॅकनंतर ही गोळी घेणारे लोक जास्त संख्येने जगतात. हृदय कमजोर होऊन पाय सुजलेल्या, धाप लागणाऱ्या रुग्णाला बीटा ब्लॉकर द्यायचाच नाही, असं एकेकाळी पक्कं शिकवलं जायचं. स्वीडनमधल्या काही डॉक्टरांनी १९७५ साली धाडस करून अगदी थोड्या डोसने सुरुवात केली. पुढे १९९९ साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट या दोन औषधांवरचे मोठे अभ्यास आले आणि अशा रुग्णांमधले मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं. ज्या औषधाला विष म्हणत होते त्यानेच एवढी माणसं वाचवली! थायरॉइड वाढून धडधड होते तेव्हा हे देतात, हात कापतात तेव्हा देतात, लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून देतात. गरोदरपणात बीपी वाढलं तर याच गटातलं लॅबेटॅलॉल देतात. माझ्या जावेची अर्धशिशी महिन्यातून आठ-आठ दिवस तिला अंधाऱ्या खोलीत झोपवायची, ती या गोळीने दोन दिवसांवर आली. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात तर हृदयाच्या त्रासासाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रक्तवाहिन्यांची लाल गाठ विरू लागली. २००८ साली ते प्रसिद्ध झालं, आज तशा गाठींवर जगभर हेच औषध वापरतात.

शास्त्र थांबलेलं नाही, हेही खरं. नुसत्या बीपीसाठी पहिली गोळी म्हणून बीटा ब्लॉकर नको, असं उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ मध्येच ठरवलं. २०२४ साली स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंडमधल्या सुमारे ५,००० रुग्णांवरचा अभ्यास आला. ॲटॅकनंतरही ज्यांच्या हृदयाचं पंपिंग शाबूत राहिलं त्यांना या गोळीचा फायदा झाल्याचं त्यात दिसलं नाही. पण त्याच वर्षी फ्रान्समधल्या अभ्यासात, आधीपासून गोळी घेत असलेल्यांची ती थांबवल्यावर हृदयाच्या कारणाने दवाखान्यात भरती होणारे वाढले. म्हणजे नव्याने सुरू न करणं वेगळं आणि चालू असलेली सोडणं वेगळं. अशी बातमी अर्धी वाचून उद्या कुणी काका तुमच्या काउंटरवर म्हणतील, "ही नको आता, बाकीच्या द्या." त्या क्षणी त्यांना थांबवायला तिथे डॉक्टर नसेल, तुम्ही असाल. "काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," एवढं तुमच्या तोंडून आलं तर ते ऐकतील. तुमच्या शब्दाला मोहल्ल्यात, वाडीत, सोसायटीत किती वजन असतं याची तुम्हाला कल्पना नसावी.

आता दुसऱ्या बाजूचं. संपल्यावर आणायची राहिली तर धोका, तसाच न विचारता दिली तरी धोका.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तोंडी परीक्षेला त्याचे हात थरथरतात, आवाज अडकतो. मित्राने सांगितलं, तासभर आधी प्रोप्रॅनोलॉल घे, काही होत नाही. यातलं निम्मं खरं आहे, हीच अडचण. या गोळीने थरथर खरोखर कमी होते. म्हणून तर नेमबाजी आणि तिरंदाजीत ती बंदी असलेल्या औषधांत मोडते, आणि २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं त्यापायी परत घेतली गेली. पोरांना हे इंटरनेटवरून ठाऊक असतं. भाच्याने कॉलेजजवळच्या दुकानात जाऊन चार गोळ्या मागितल्या. मिळाल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही, वय विचारलं नाही, आणि मुख्य म्हणजे "दमा आहे का रे?" हे विचारलं नाही. त्याला लहानपणापासून बाळदमा. पंप अजूनही बॅगेत असतो.

परीक्षा छान झाली. संध्याकाळी छाती आवळायला लागली. त्याने पंप मारला, पुन्हा मारला, पाच वेळा मारला, आणि पंप लागूच पडेना. कारण साधं आहे, तुम्ही ते कॉलेजात शिकला आहात: पंपातलं सालब्युटामॉल फुफ्फुसातल्या बीटा-२ रिसेप्टरवर काम करतं, आणि प्रोप्रॅनोलॉलने हृदयाबरोबर तेही अडवून ठेवलेले होते. कुलूप बदललेलं आणि पोरगं जुनी चावी फिरवत बसलेलं. रात्रभर ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावून तो सावरला. माझी बहीण त्याच्या उशाशी बसून राहिली होती, आणि टेबलावर त्या कापलेल्या तुकड्यातल्या उरलेल्या तीन गोळ्या होत्या.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही प्रामुख्याने हृदयावर काम करणारी, तरी डोस वाढला की त्यांचंही हृदय आणि फुफ्फुस यांतलं अंतर पुसट होत जातं. ही सगळी औषधं अनुसूची एचमधली, चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशी. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण भाच्याला त्या दिवशी दिली गेलीच.

सासऱ्यांचंही थोडक्यात सांगते, कारण हे तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू झाले आणि महिन्याभरात ते जिन्यावर दोनदा बसले. नाडी ४६. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या वाटेने रक्तात जातो आणि हृदयापर्यंत पोचतो, हे आम्हाला कोण सांगणार होतं? वरून त्यांना आधीच बीपीसाठी ॲटेनोलॉल चालू होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. थेंब डोळ्यांचे, त्यात बीपीचा काय संबंध, असंच आम्हाला वाटलं. पण दोन्ही औषधं एकाच दुकानातून, एकाच बिलावर घेतली होती. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे आत कमी उतरतं, ही साधी गोष्टसुद्धा आम्हाला नंतर कळली.

आणखी काही गोष्टी तुमच्याच हातातल्या आहेत. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांना "एकच आहे, हे घेऊन जा" म्हणून एकमेकांच्या जागी देऊ नका. पहिली दिवसातून साधारण दोनदा घ्यायची, दुसरी सावकाश विरघळून दिवसभर पुरणारी. कमजोर हृदयासाठी जे १९९९चं यश सांगितलं ते दुसरीचं. आमच्या शेजारच्या आजींना गोळी गिळवत नाही म्हणून त्यांची सून हीच दिवसभराची गोळी खलबत्त्यात कुटून मधातून चाटवायची. दिवसभराचा डोस एका झटक्यात! ती बिचारी मायेनेच करत होती. मधुमेही माणसाला सांगा की साखर उतरली तर जी धडधड आणि थरथर होऊन जाग यायची, ती या गोळीमुळे दबू शकते. घाम मात्र येतो, म्हणून घामाकडे लक्ष ठेवा, विशेषतः एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला. आणि उपवास असला तरी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. माझ्या आईसारख्या हजारो बायका हरतालिकेला पाणी पीत नाहीत म्हणून गोळीही घेत नाहीत. देव घोटभर पाण्याने रागावत नाही, हे त्यांना आम्ही मुलींनी सांगितलं तर पटत नाही, तुम्ही सांगितलं तर कदाचित पटेल. काही जणांचे हातपाय गार पडतात, थकवा येतो, वाईट स्वप्नं पडतात, पुरुषांना न बोलता येणारा त्रास होतो. अशी माणसं डॉक्टरांना न सांगता गुपचूप गोळी सोडतात. सलग दोन महिने कुणी गोळी न्यायला आलं नाही, तर ते तुमच्या लक्षात येऊ शकतं, डॉक्टरांच्या नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुठे आहे. ऑनलाइन औषधांनी धंदा खाल्ला, मुलगा काउंटरवर उभा करायला परवडत नाही, आणि डॉक्टर फी घेतात त्यांनी का नाही सांगायचं? बरोबर आहे. डॉक्टरांनी सांगायलाच हवं. पण फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ साली केलेल्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. मला त्यात ओझ्यापेक्षा तुमचा मान दिसतो. ऑनलाइन मागवलेलं पाकीट दारात टाकून जाणारा पोरगा आईला विचारणार नाही की मागच्या महिन्याची गोळी वेळेवर संपली का. तुम्ही विचारू शकता. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी अजून जाते ती त्यासाठीच.

मी सगळं मागत नाही. बीटा ब्लॉकरपुरतं, सुरुवातीला एवढंच करा. स्ट्रिप कापायचीच असेल तर नावाची बाजू गिऱ्हाइकाला द्या. ते जमणार नसेल तर पाकिटावर नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख पेनाने लिहा, तुमच्या अक्षरात, पण वाचता येईल असं. पहिल्यांदा घेणाऱ्याला "दमा आहे का? मधुमेह आहे का? डोळ्यांचे थेंब चालू आहेत का?" हे तीन प्रश्न विचारा. आणि पाकिटावर मारायला एक रबरी शिक्का करून घ्या. मजकूर मी आईला आणि भाच्याला वाचून दाखवून लिहिला आहे, दोघांनाही एका दमात कळला:

"ही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, बीपी नॉर्मल असलं तरी. उपवासालाही घ्या. संपायच्या आठ दिवस आधी नवीन आणा. गावाला जाताना मोजून न्या."

आपली,
डोंबिवलीची एक गिऱ्हाईक